आठवड्यातून एक दिवस वर्ग, बाकीचे दिवस घर

प्रश्न : माझी नणंद अमेरिकेत राहते. तिची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. आठवड्यातून एकदा चर्चच्या इमारतीत दहा-बारा कुटुंबे जमतात, तिथे मुले लॅटिन चालीवर म्हणतात आणि घरी येताना पुढच्या आठवड्याच्या अभ्यासाचा कागद घेऊन येतात. याला ती ‘क्लासिकल ख्रिश्चन होमस्कूल’ म्हणते. हे नेमके काय आहे? एवढे पाठांतर कशासाठी? आणि आमच्या मंडळीतल्या तीन-चार कुटुंबांना उमरग्यात असे काही करता येईल का?
— एक भगिनी, उमरगा

उत्तर : तुम्ही त्या कागदाचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. वर्ग एक दिवस भरतो. शिकवणे मात्र उरलेले दिवस घरी चालते आणि ते आई-वडील करतात. वर्गाच्या दिवशी आधीच्या आठवड्याचे ऐकून घेतले जाते आणि पुढच्या आठवड्याचे हाती दिले जाते.

अशा गटांत सर्वांत जास्त ऐकू येणारे नाव ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’चे. ली बॉर्टिन्स या बाईंनी १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात ते सुरू केले. तिथे चार ते बारा वर्षांच्या मुलांचे वर्ष २४ आठवड्यांचे असते. दर आठवड्याला सात विषयांचा एकेक लहानसा तुकडा मिळतो : इतिहासाचे एक वाक्य, कालपटातल्या काही घटना, भूगोलातली काही ठिकाणे, विज्ञानातला एक प्रश्न आणि त्याचे उत्तर, इंग्रजी व्याकरणाची एक व्याख्या, लॅटिनची रूपे आणि एक पाढा. बहुतेक सगळे चालीवर. तीन वर्षांत तीन फेऱ्या होतात आणि मग पुन्हा पहिली. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाने नुसते गुणगुणलेले तेच वाक्य आठव्या वर्षी अर्थासह आणि अकराव्या वर्षी प्रश्नांसह त्याच्यापुढे येते. लॅटिनची एका वर्षी नामांची रूपे, दुसऱ्या वर्षी क्रियापदांची आणि तिसऱ्या वर्षी योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली सुरुवातीची वचने.

वर्ग घेणारी त्या कुटुंबांपैकीच एखादी आई असते. बाकीच्या आया मागे बसून ऐकतात, कारण दुसऱ्या दिवसापासून घरच्या शिक्षिका त्याच. शिवाय प्रत्येक मूल दर आठवड्याला उभे राहून सगळ्यांसमोर दोन-तीन मिनिटे बोलते. विषय साधाच : घरचा कुत्रा, आजोबांची गोष्ट, वाचलेले पुस्तक. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही दोन-तीन मिनिटे. सहाव्या वर्षापासून वर्षाला चोवीस वेळा चारचौघांत उभे राहिलेल्या मुलाला पुढे भाषणाची धास्ती कशी वाटेल?

लहानांना लेखी गृहपाठ जवळजवळ नसतो. जेवताना, गाडीत, झोपताना म्हणायचे, एवढेच. बाराव्या वर्षानंतर मात्र तो कागद भरगच्च होतो. लॅटिनचा धडा आणि त्यावरची भाषांतरे, गणित, विज्ञानाच्या एका विषयावर स्वतः शोधून लिहिलेले पानभर टिपण, एका कादंबरीची ठरलेली प्रकरणे, तिच्यावरचा निबंध, एका देशसमूहाचा नकाशा. पहिल्या वर्षाच्या शेवटी मुलाने जगाचा नकाशा पुढ्यात काही न ठेवता काढावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्र येते आणि मुले वकील-साक्षीदार होऊन लुटुपुटीचा खटला चालवतात. शेवटच्या टप्प्यात प्रबंध लिहून तो मोठ्यांपुढे तोंडी मांडायचा.

या पायऱ्यांना युरोपातल्या मध्ययुगीन विद्यालयांचा आधार आहे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या आधी, बाकीचे विषय नंतर, असा तिथे क्रम होता. डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९४७ मध्ये ऑक्सफर्डला वाचलेल्या निबंधात हा क्रम मुलांच्या वयाशी जोडला. लहानपणी पाठ करायला आवडते, पुढे वाद घालायला आवडते, त्यानंतर स्वतःचे काही मांडावेसे वाटते. मग प्रत्येक वयाला त्याचे खाद्य द्या, असे त्यांचे म्हणणे. सेयर्स गुप्तहेरकथांसाठी प्रसिद्ध होत्या आणि आपली सूचना कोणी अमलात आणील अशी त्यांना आशा नव्हती. पण १९८१ मध्ये आयडाहो राज्यात डग्लस विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी या धर्तीवर शाळा काढली, १९९१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि तिथून ही चळवळ पसरली. १९९९ मध्ये जेसी वाइज आणि सुझन वाइज बावर या मायलेकींचे घरी शिकवणाऱ्या पालकांसाठीचे जाडजूड पुस्तक आले. जेसीबाईंनी सुझनला घरीच शिकवले होते.

आता पाठांतर कशासाठी, हा तुमचा प्रश्न. त्याचे उत्तर अमेरिकेत शोधायची गरज नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये ते सापडते. रमाबाई १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले, साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत. रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत रेचेल बॉडली यांनी त्या पाठाचे वर्णन केले आहे. दिवसाची कामे सुरू होण्याआधी आई झोपाळू मुलीला लाडाने उठवी, पाखरे जागी होत असत, आणि पाठ चाले तो आईच्या तोंडून. समोर पुस्तक नसे. (आनंदीबाई जोशी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या त्याच्या बॉडली या प्रमुख.) भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना असे मुखोद्गत झाले. पुराण सांगत गावोगाव फिरणारे हे कुटुंब होते, म्हणून पाठ केलेले लोकांसमोर म्हणण्याचा सरावही आपोआप होई.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना, स्त्रियांविषयी या ग्रंथांत असे का लिहिले आहे, असे प्रश्न त्यांना पडू लागले. हा सेयर्स यांनी सांगितलेला दुसरा टप्पा, आणि तिसरा त्याच्या पाठोपाठ आला : १८८२ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढची साक्ष, १८८७ मध्ये ते इंग्रजी पुस्तक, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. मधे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पुढे पंचेचाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा व्याकरणाकडे वळल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात त्यांनी सुमारे अठरा वर्षे घातली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

लक्ष्मीबाईंनी पाठ करून घेतले नसते तर कलकत्त्याचे प्रश्न पडायला रमाबाईंपाशी काही नसते. आणि प्रश्न पडले नसते तर ते हजारो श्लोक नुसते साठून राहिले असते. म्हणून माझे मत सांगतो : पाठांतर हवे, पण ज्या गटात मोठ्या मुलांना उलट विचारायची मुभा नाही तिथे ते करू नये. आई-वडिलांच्या श्रद्धेलाही मूल प्रश्न विचारील, ही तयारी ठेवूनच हा मार्ग धरावा. दुसरी अडचण त्या कालपटाची. तो युरोप-अमेरिकेच्या बाजूने झुकलेला आहे, भारत त्यात मोजक्या नोंदींत येतो. तो जसाच्या तसा आणून उमरग्यातल्या मुलांपुढे ठेवला तर मुलांना रोमचे सम्राट पाठ होतील आणि जिल्ह्यातलेच तेर कुठे आहे हे सांगता येणार नाही.

तेव्हा तुम्ही नणंदेकडून तो कागद मागवू नका, तिची आठवड्याची घडी तेवढी घ्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपार मोकळी असते. तीन-चार कुटुंबे, सात-आठ मुले, मंडळीची खोली किंवा कोणाची तरी पडवी, दोन तास. रविवारची शब्बाथशाळा वेगळी राहू द्या; तिचा वेळ यात घालू नये. आठवड्याला पाच तुकडे पुष्कळ झाले, सात नकोत.

पहिला तुकडा कवितेचा. लॅटिनच्या जागी तुमच्यापाशी फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ आहे. १५४९ मध्ये जन्मलेला हा इंग्रज जेझुइट गोव्याला आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. पाद्री सांगतो आणि ऐकणारा मधे विचारतो अशी त्याची बांधणी असल्याने दोन मुलांना वाटून देता येते. आठवड्याला चार ओव्या घ्या. भाषा जुनी आहे, त्यात कोकणी मिसळलेली आहे, शब्द अडतील. ते अडले की शब्दकोश उघडायला लावा, हाच अभ्यास. मुले मोठी झाली की नारायण वामन टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’ आहेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात शिक्षण मराठीतून देण्याविषयी तुम्हाला कोणाची परवानगी मागायला नको.

दुसरा तुकडा व्याकरणाचा : विभक्तींची रूपे, एका आठवड्याला एक. तिसरा पाढ्यांचा, आणि घरात पावकी-निमकी येणारे कोणी आजोबा असतील तर त्यांनाच बसवा. चौथा नकाशाचा. आधी तालुका, मग धाराशिव जिल्हा, तेरणा मांजरेला मिळते तिथपर्यंत. पुढे सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग आणि त्यावरची गावे. दिवाळीपर्यंत महाराष्ट्र कोऱ्या कागदावर आला पाहिजे. पाचवा तुकडा विज्ञानाचा. तुमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली ती माणसे घरोघर आहेत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाब्याचे छत असलेली घरे का कोसळली, हे मोठ्या मुलांनी त्यांना विचारावे, लिहून आणावे, आणि पुनर्वसनातल्या घरांची बांधणी कशात वेगळी आहे ते स्वतः जाऊन पाहावे. इतका चांगला पाठ अमेरिकेतल्या कोणत्याही कागदावर नसेल.

सगळे मिळून कागदाची एकच बाजू भरली पाहिजे. खाली आईची सही नको, मुलाने स्वतः केलेल्या खुणा हव्यात. आणि प्रत्येक शनिवारी ती दोन-तीन मिनिटे, कोणालाही सूट न देता, वाटल्यास मोठ्यांनीही बोलावे.

शाळा सोडवावी का, याबद्दल माझा सल्ला आज तरी नाही असाच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १० ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून देशात काही कुटुंबे घरी शिकवतात. पण मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रोज भरणारा, फी घेणारा गट त्या व्याख्येत यायला वेळ लागत नाही. आठवड्यातून दोन तास जमणाऱ्या चार कुटुंबांना ती भीती नाही. पुढे कोणी घरीच शिकायचे ठरवले तर दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देता येते, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि चौदा वर्षे पुरी झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही बसता येते. पण तो निर्णय दोन वर्षे शनिवार न चुकवता चालवून दाखवल्यावर घ्या, आणि आईला एकटीलाच सगळे ओढावे लागत नाही ना, हे त्याआधी घरात बसून ठरवा.