सायकलीचा बिनखटक्याचा दांडा

पाथरीच्या काळ्या मातीचा चिखल सायकलीच्या गिअरच्या तारेंत शिरला, कीं खटक्याचा दांडा चुकूं लागतो. १९८४ सालीं शिमानो कंपनीनें आणलेल्या रचनेंत प्रत्येक चक्राची जागा खटक्यांतच ठरलेली. तार जराशी अडली वा सैलावली, तरी साखळी कुरकुरते. जुना दांडा केवळ घर्षणानें जेथल्या तेथें राहतो. आठ चक्रें असोत वा दहा, त्यास पुरेशी तार ओढतां आली म्हणजे झालें. मात्र आठांच्या संचांत शेजारच्या चक्रांच्या मध्यांतील अंतर ४.८ मिलिमीटर, तर दहांत अवघें ३.९५, हात तितकाच हलका हवा. मोठ्या चक्रावर जातांना दांडा किंचित् अधिक ओढावा, मग कान देऊन हलकेच मागें घ्यावा. कुरकुर थांबली कीं साखळी बसली. आरंभीं पुष्कळ चुकेल. म्हणून पहिले धडे सपाट रस्त्यावरच गिरवावेत.