पाणबुड्याचा पोशाख आणि काठावरचा मदतनीस

पावसाळ्यात कर्जत व खालापूर तालुक्यांतील उल्हास आणि पाताळगंगा या नद्या दुथडी भरून वाहतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरामुळे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा मदतीस आलेल्या नौदलाच्या पथकांत पाणबुडेही होते. गावच्या डोहात कोणी बुडाल्यासही पाणबुड्यास पाचारण करावे लागते. अशा वेळी काठावरील गर्दीपेक्षा एक जाणता मदतनीस अधिक उपयोगी पडतो.

रबरी पोशाख घामेजल्या अंगावर चढत नाही. अंग व पोशाख दोन्ही भिजवावीत. पावलावर प्लास्टिकची पातळ पिशवी घातल्यास पाय सहज सरकतो. पोशाख बोटांच्या पेरांनी ओढावा, नखांनी तो फाटतो.

नेहमीच्या आकाराचे भरलेले सिलिंडर १५ किलोंहून जड असते. (त्यात ऑक्सिजन नव्हे, दाबून भरलेली साधी हवाच असते.) जाकिटाचे पट्टे आधीच सैल करून मदतनीसाने ते मागून उचलून धरावे, म्हणजे पाणबुड्याच्या कमरेवर ताण येत नाही. वजनाच्या पट्ट्याची कडी मात्र कशाखालीही दबू देऊ नये. संकटात ती एका हाताने सुटली पाहिजे.

झडपेस मदतनीसाने हात लावू नये. पाणबुड्याने स्वतः श्वास घेत दाबमापक पाहावा. प्रत्येक श्वासागणिक काटा हलत असेल, तर झडप पुरती उघडलेली नाही. पायांतील पंख अगदी शेवटी, पाण्याच्या कडेला खांद्याचा आधार देऊन चढवावेत.