व्हिडिओत लाल लिटमस निळा दिसतो तेव्हा

उंद्रीसारख्या गावातल्या शाळेत डिजिटल वर्गाच्या वाट्याला बहुधा जुनाच संगणक येतो. त्यावर विज्ञानाचा व्हिडिओ लावला आणि आम्लात बुडवलेला लिटमस लालऐवजी निळा होताना दिसला, तर? मुलं डोळ्यांनी पाहिलं तेच वहीत लिहिणार. म्हणजे पाठ नेमका उलटा! आपण लगेच म्हणतो, "प्रोजेक्टर गेला." नवा घेण्याआधी एवढं करून बघा.

२६ जानेवारीच्या झेंडावंदनाचा व्हिडिओ लावा आणि शेजारीच तिरंग्याचं साधं चित्र उघडा. दोन्हींचे रंग बिघडलेले असतील तर आधी केबल तपासा, एखादी पिन सैल असते. पण चित्र ठीक आणि फक्त व्हिडिओत केशरी पट्टा आकाशी, अशोकचक्र तपकिरी-लाल दिसतंय? पांढरा आणि हिरवा मात्र जवळपास तसेच? मग प्रोजेक्टर निर्दोष आहे.

असं का होतं ते पाहू. व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे साठवत नाहीत. 'वाय' म्हणजे उजेड. 'यू' आणि 'व्ही' म्हणजे रंगाची माहिती, तीही चार बिंदूंत मिळून एकदाच. ६४० × ४८० च्या चित्रात वाय ३,०७,२०० बाइट. यू आणि व्ही प्रत्येकी ७६,८००. आता गंमत अशी की काही पद्धतींत वायनंतर यू येतो, काहींत व्ही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने या दोघांचे पत्ते उलटे दिले की निळा आणि लाल जागा बदलतात. हिरव्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच कमी असतात, म्हणून तो फारसा हलत नाही. पांढऱ्यात दोन्ही मधोमध, १२८. (अख्खा व्हिडिओ हिरवागार झाला तर समजा की यू-व्हीच्या जागी शून्यं गेली आहेत.)

जुनी ग्राफिक्स कार्डं व्हिडिओ वेगळ्या थरावर, म्हणजे ओव्हरलेवर दाखवतात. प्लेअर खिडकीत एकच ठरावीक रंग भरतो आणि कार्ड त्या रंगाच्या जागी व्हिडिओ बसवतं. म्हणूनच स्क्रीनशॉट काढला तर नुसता काळा किंवा जांभळा चौकोन येतो! दुरुस्तीवाल्याला दाखवायला मोबाइलनेच फोटो काढा.

व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ इथे ओव्हरलेची खूण काढा आणि प्लेअर पुन्हा सुरू करा. रंग जागेवर आले तर दोष ओव्हरलेच्या वाटेवरच, बहुतेक ड्रायव्हरमध्ये. नवी आवृत्ती मिळाली तर टाका. कळवायचं झालं तर कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तिरंग्याचे ते दोन फोटो पाठवा. "रंग बिघडले" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. तोपर्यंत ओव्हरले बंद ठेवूनच तास घ्या. व्हिडिओ थोडा अडखळेल, कारण रंग बदलायचं काम आता प्रोसेसरवर आलंय.