जुनी मालवाहू विमाने आणि नागपूरची मध्यरात्र

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सोनेगावच्या दिशेने उतरणारी विमाने दिसतात. त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, हे ते परत आल्यावर अभिमानाने सांगतात. परंतु या धावपट्टीचा एक जुना अध्याय पाठ्यपुस्तकात नाही. विमानातून माणसे जातात हे सर्वांस ठाऊक आहे. मालही जातो, याकडे सहसा लक्ष जात नाही. जगातील मालवाहू विमाने आज म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्या जागी काय येणार हा प्रश्न उभा आहे. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही या प्रश्नाकडे नागपूरच्या वाटेने जाऊ इच्छितो.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्याच्या वेळी प्रत्येक विमान आपल्या गावी परते. देशाचा मध्यबिंदू असण्याचा इतका नेमका उपयोग क्वचितच कोणी केला असेल. त्याच वर्षी साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. गिरणगावातील कामगाराचे घरी धाडलेले साधे पत्र आणि पेढीवाल्याचे पत्र एकाच थैलीतून उडू लागले, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

या सेवेचा भार आरंभी डाकोटा विमानांनी वाहिला. मूळ १९३५ सालची ही रचना दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी मोठ्या संख्येने बांधली गेली आणि युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेली. म्हणजे तेव्हाही माल आणि टपाल यांच्या वाट्याला दुसऱ्याने वापरून सोडलेले विमानच आले. त्याची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेले एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच इंजिन निकामी होऊन कोसळले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे फेडेक्स कंपनीने १४ लहान जेट विमाने घेऊन रात्री एका ठिकाणी जमायचे, माल बदलायचा आणि परतायचे, हाच क्रम सुरू केला. पहिल्या रात्री २५ शहरांसाठी १८६ पुडकी होती. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा आमचा दावा नाही. पण एक केंद्र मिटले आणि दुसरे उजळले, हे कालक्रमात स्पष्ट दिसते.

आता मूळ विषयाकडे वळू. मालवाहू विमाने जुनी का असतात? प्रवासी विमान दिवसाचे बरेच तास आकाशात असते, म्हणून कमी इंधन पिणारे नवे यंत्र त्याला परवडते. पार्सले वाहणारे विमान बहुधा रात्री थोडेच तास उडते. त्याला इंधन जास्त लागले तरी चालते, खरेदीची किंमत मात्र कमी हवी. म्हणून पंधरा-वीस वर्षे प्रवासी वाहिलेले विमान विकत घेऊन त्याच्या आसनांची जागा मोकळी करतात, जमिनीखालचे आडवे आधार बळकट करतात, खिडक्या बुजवतात आणि कुशीत मोठा दरवाजा कापतात. अशा रीतीने विमानाला दुसरा जन्म मिळतो.

या दुसऱ्या जन्माची मर्यादा ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे दिसली. यूपीएस कंपनीच्या एमडी-११ जातीच्या मालवाहू विमानाचे डावे इंजिन धावपट्टीवरच पंखापासून सुटले. वैमानिक आणि जमिनीवरील निरपराध माणसे प्राणास मुकली. ते विमान १९९१ मध्ये थाई एअरवेजसाठी प्रवासी म्हणून बांधले गेले होते आणि २००६ मध्ये मालवाहू झाले होते. प्राथमिक तपासात इंजिन धरून ठेवणाऱ्या भागात धातूच्या थकव्याच्या भेगा आढळल्या. त्या भागाच्या विशेष तपासणीची मुदत वर्षांवर नव्हे, तर उड्डाणांच्या संख्येवर ठरलेली होती, आणि ती संख्या अजून गाठलीच गेली नव्हती. तपासणी चुकली नव्हती. तपासणीचे वेळापत्रकच अपुरे होते, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. त्यानंतर त्या जातीची विमाने जमिनीवर बसवण्यात आली आणि यूपीएसने आपली सर्व एमडी-११ निवृत्त केली.

जुने काढायचे तर नवे हवे, आणि अडचण तेथेच आहे. नाकाचा भाग वर उचलून माल भरता येणाऱ्या जम्बोचे, म्हणजे बोइंग ७४७ चे, शेवटचे विमान जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द झाले. ७६७ मालवाहूचे उत्पादन २०२७ मध्ये थांबवण्याचे बोइंगने जाहीर केले आहे. २०२८ पासून लागू होणारे उत्सर्जनाचे आंतरराष्ट्रीय नियम जुन्या रचनांना आड येतात. त्यांची जागा घेण्यासाठी एअरबसचे ए३५०एफ आणि बोइंगचे ७७७-८एफ तयार होत आहेत. दोहोंची क्षमता सुमारे ११० टन, आणि दोहोंच्या तारखा पुढे सरकत आल्या आहेत. तोपर्यंत म्हाताऱ्या विमानांनाच उडावे लागेल.

आपल्याकडेही चित्र वेगळे नाही. मुंबईत सुरू झालेल्या ब्ल्यू डार्टचा रात्रीचा भार ७५७ विमानांवर आहे. त्या जातीचे उत्पादन २००४ मध्येच बंद झाले. इंडिगोने २०२२ मध्ये आणलेली ए३२१ मालवाहू विमानेही रूपांतरितच आहेत. बाकीचा पुष्कळ माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. १२ जानेवारी २०२१ रोजी कोविडची लस पुण्याहून देशभर निघाली, ती अशाच विमानांतून.

आमच्या वसमतच्या हळदीला विमानाची गरज नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाळलेली हळद ट्रकने आणि जहाजाने सुखरूप जाते. विमानतळ जवळ आला की शेतमालाला सोन्याचा भाव मिळेल, असे सांगणाऱ्यांना पालकांनी दोन प्रश्न विचारावेत: माल नाशवंत आहे काय, आणि किलोमागे भाडे किती?

या विषयाशी आपल्या मुलांचा संबंध दुसऱ्याच बाजूने येतो. नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे त्याच विमानतळाच्या शेजारी, बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ पासून चालू आहे. विमाने जितकी जुनी, तितके भेगा शोधणाऱ्या हातांचे काम जास्त. विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत शिक्षण आणि मग परीक्षा. संस्थेची मान्यता प्रवेशापूर्वी महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पाहून घ्यावी, केवळ जाहिरातीवर पैसे भरू नयेत. दुरुस्तीनंतर अशा परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याखेरीज वैमानिक कितीही ज्येष्ठ असला तरी विमान जागचे हलवू शकत नाही.