गाळातलं टणक

मी मानखुर्दला राहतो आणि समुद्रतळाची सर्वेक्षणं करणाऱ्या बोटींवर सोनारच्या पडद्यासमोर बसून पोट भरतो. अलीकडे कामाचा एक नवा प्रकार वाढला आहे: माशांसाठी पाण्यात सोडलेले काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे कृत्रिम अधिवास, जागेवर आहेत का ते शोधायचं. दिवसभर मासे बघून आलेला माणूस संध्याकाळी स्टेशनबाहेर मासे विकत घेतो, याची आमच्या घरी यथेच्छ चेष्टा होते. या कामातून जे काही कळलं, ते असं.

१. सोनारला मासा नव्हे, फरक कळतो. यंत्र खाली आवाज सोडतं आणि परत काय येतं ते ऐकत बसतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. म्हणजे तळ 15 मीटरवर असेल तर उत्तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात हजर. चिखलावर पडलेला आवाज गादीवर टाकलेल्या चेंडूसारखा तिथेच विरतो, पडद्यावर एक बारीक, फिकी रेघ उमटते. खडक किंवा काँक्रीट असेल तर रेघ जाड होते आणि खाली तिचीच दुसरी प्रत दिसते, कारण आवाज बोटीपर्यंत येऊन पुन्हा तळाला जाऊन आलेला असतो. ठाण्याची खाडी म्हणजे बहुतेक गाळच गाळ. ‘या चिखलात काय शोधणार?’ असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटतं, शिकायला याहून सोयीची जागा नाही. सगळंच मऊ असलं की टणक लपत नाही.

२. घर सापडतं ते त्याच्या सावलीमुळे. मासेमारीच्या बोटीवरचा साधा फिशफाइंडर सरळ खाली बघतो. 15 मीटर खोलीवर त्याला जेमतेम पाच मीटर रुंदीचा गोल दिसतो, त्यामुळे ठोकळा दहा मीटर बाजूला असला तरी बोट खुशाल पुढे निघून जाते. म्हणून आम्ही बोटीमागे साइड स्कॅन सोनार ओढतो. तो दोन्ही बाजूंना तिरका आवाज टाकतो, आणि उभ्या वस्तूमागे जिथे आवाज पोचत नाही तिथे काळी सावली पडते. सावलीवरून उंची काढायचं गणित शाळेतलंच आहे. सोनार तळापासून 5 मीटर वर, सावलीचं टोक सोनारपासून 20 मीटरवर आणि सावली 4 मीटर लांब: पाच चोक वीस, भागिले वीस, वस्तू 1 मीटर उंच. पुढच्या वर्षी त्याच ठोकळ्याची सावली आखूड भरली, तर तो गाळात बसतो आहे. कठीण तळ बघून जागा का निवडायची, याचं उत्तर त्या आखूड सावलीत असतं. गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचो, हे इथे सांगायची गरज नाही.

३. घर कुणी बांधलं, याच्याशी माशाला कर्तव्य नसतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आली आणि तिच्यातून किनाऱ्यावरच्या गावांसमोर कृत्रिम अधिवास सोडायची कामं निघाली. वरळी कोळीवाड्यासमोरही काँक्रीट आणि पोलादाचे ठोकळे पाण्यात गेले आहेत. तिकडे सिंधुदुर्गात निवतीजवळ नौदलाची 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ तळाला बसवायची योजना निघाली. हे सगळं योजून केलेलं. पण मानखुर्द सोडून लोकल वाशीकडे निघाली की खाली जे खांब दिसतात, ते माशांसाठी कुणी रोवले होते? रस्त्याचा जुना पूल 1973चा, रेल्वेचा 1992चा, मग रस्त्याचा दुसरा 1997चा. खांबांना कालवं चिकटतात, कालवांच्या फटींत चिंबोऱ्या आणि कोळंबी शिरते, त्यांच्यामागे तांबोसा, जिताडा, गोब्रा येतात. आडोसा, खाद्य आणि प्रवाहापासून थोडी उसंत, एवढंच त्यांचं मागणं. मंजुरीचा कागद ते बघत नाहीत.

४. पडद्यावर दिसतो तो मासा नसतो, त्याच्या पोटातली हवा असते. माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने जवळपास पाणीच; आवाज परत फिरतो तो मुख्यतः हवेच्या पिशवीवरून. कोळीवाड्यात हिला बोत म्हणतात. घोळ माशाचा बोत सोन्याच्या भावाने विकला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपलं अख्खं यंत्र त्या बोताच्या जिवावर चालतं, हे कळल्यावर मी गप्पच झालो. आणि बोंबील? त्याला बोतच नाही. ज्या माशावर मुंबईचे कोळीवाडे पिढ्यान् पिढ्या जगले, तो माझ्या पडद्यावर फार तर पुसट धुरकट दिसतो. तेव्हापासून ‘इथे मासे नाहीत’ असं मी अहवालात लिहीत नाही. ‘इथे ठळक प्रतिध्वनी नाहीत’ असं लिहितो. वाचणाऱ्याला ती पळवाट वाटते. प्रामाणिकपणाला बऱ्याचदा असंच दिसावं लागतं.

५. हवा सगळीकडेच असते, हीच पंचाईत. खाडीच्या गाळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे वर चढताना पडद्यावर थेट माशांच्या थव्यासारखे दिसतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्यात अधांतरी तरंगत असतात, त्याही हजेरी लावून जातात. शिवाय भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे सकाळची खोली दुपारच्या खोलीशी जुळत नाही. ती भरतीच्या आकड्याने दुरुस्त करावी लागते. म्हणून एका फेरीत दिसलं त्यावर विसंबायचं नाही. उधाण संपून भांग आला, पाणी जरा संथ झालं, की त्याच रेषेवरून पुन्हा जायचं. थवा हलतो, बुडबुडे त्याच भोकातून येत राहतात, ठोकळा जागा सोडत नाही. कॅमेरा सोडावा म्हटलं, तर या पाण्यात त्याला स्वतःची दोरी दिसत नाही.

६. सर्वांत चांगला नकाशा फाटलेल्या जाळ्यांचा असतो. ट्रॉम्ब्याच्या एका नाखवांना मी एकदा लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवली. त्यांनी ती कौतुकाने बघितली आणि विचारलं, “भाऊ, टीव्हीवर मावरं दिसतं, पर जाल्यात येतं का?” मग पडद्यावर बोट ठेवून ते सांगत गेले: इथे बुडालेला पडाव आहे, इथे जुना लोखंडी खांब, इथे दगड, सहा वाव, सात वाव. त्यांच्याकडे जीपीएस नव्हता. टेकडीचं टोक आणि धुराडं एका रेषेत आलं की ती जागा, असा त्यांचा हिशेब. गंमत अशी, की आयुष्यभर त्यांनी या जागा लक्षात ठेवल्या त्या टाळण्यासाठी, कारण टणक लागलं की जाळं अडकतं, फाटतं. मी नेमकं तेच शोधत होतो. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, त्याला अडवायलाही हे ठोकळे कामाला येतात, ते याच कारणाने. आता सर्वेक्षणाच्या आधी मी कोळीवाड्यात चहा पितो. त्याचं बिल खर्चाच्या कुठल्या रकान्यात घालायचं, ते अजून ठरलेलं नाही.

७. सापडणं हे नेहमी चांगलंच असतं, असं नाही. असे अधिवास मासे वाढवतात, की इकडेतिकडे विखुरलेले मासे फक्त एका जागी आणतात, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. थोडं हे, थोडं ते, असं मला वाटतं. पण ते नुसते गोळाच होत असतील, तर नेमका ठिकाणा सर्वांच्या हाती पडणं म्हणजे चार दिवसांत सगळं उपसलं जाणं. नाखवा आपल्या जागा परक्याला का सांगत नाहीत, हे मला तेव्हा उमगलं. त्यांनी मला सांगितल्या, याचं ओझंही. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तो नियम सगळे जाणतात. या ठोकळ्यांभोवती कुणी, कधी, कुठलं जाळं टाकायचं, हे मात्र जागोजागी तिथल्याच माणसांनी बसून ठरवावं लागेल. अहवालात अक्षांश-रेखांश देणं हे माझं काम आहे, ते मी देतो. त्या बैठकीत नाखवांना खुर्ची असेल तर माझा नकाशा उपयोगाचा. नसेल, तर मासे कुठे गोळा झालेत त्याचा पत्ता तेवढा मी छापून दिलेला असतो.