भाजीचा टेम्पो : थांब्यावरचे व उतारावरचे डिझेल

गेल्या हंगामात भाजीच्या एका टेम्पोबरोबर आम्ही पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरून नवी मुंबईतील करावे गावापर्यंत गेलो. घाट लागताच चालकाने गाडी न्यूट्रलवर टाकली. पुढे करावे येथे क्रेट उतरेपर्यंत पाऊण तास इंजिन चालूच होते. डिझेल दोन्हीकडे वाया गेले. घाटात तर ते वाचते आहे, अशी त्याची खात्री होती!

कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीत रेस सोडली तरी इंजिन थोडे पेट्रोल ओढतच असे. न्यूट्रलची सवय बहुधा तेव्हाची असावी. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात तसे नसते. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा बंद होतो. फेरे अगदी कमी झाल्यावरच तो पुन्हा सुरू होतो. जुन्या डिझेल पंपातील गव्हर्नरही हेच काम करतो. न्यूट्रलवर मात्र चाकांचा संबंध तुटतो व इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जाळावेच लागते.

सौम्य उतारावर न्यूट्रलने किंचित बचत होईलही, परंतु भरलेल्या गाडीत ती हाव धरू नये. घाटात न्यूट्रलवर सर्व भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक. ब्रेकला मदत करणारी यंत्रणा इंजिनावरच चालते. ते बंद असता दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पायडल जड होते. पॉवर स्टीअरिंगही जड होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा.

आता थांब्याचा हिशेब पाहू. उभ्या टेम्पोचे इंजिन ताशी साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल खाते. अर्धाच लिटर धरला आणि प्रत्येक खेपेत बाजाराच्या फाटकावर, टोलवर व माल उतरवताना मिळून एक तास गेला, तर पन्नास खेपांत २५ लिटर होतात. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला फारसे इंधन लागत नाही. म्हणून मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे असल्यास ते बंद करावे. मात्र बॅटरी कमजोर असेल तर आधी ती बदलावी. तसेच टर्बोचे इंजिन चढ चढून आल्याबरोबर बंद करू नये. मिनिटभर चालू ठेवून मगच चावी फिरवावी.