पाप सापडलंच नाही

"वहिनी, पांडुरंगावर भार टाका आणि त्या गोळ्या टाका वाशिष्ठीत." 2022 च्या आषाढी एकादशीला आमच्या हरिपाठ मंडळाच्या प्रमुखबाई मला हे म्हणाल्या. करोनामुळे पडलेल्या दोन वर्षांच्या खंडानंतर वारी पुन्हा निघाली होती, सगळ्याजणी भारावलेल्या. मी नैराश्यावरच्या त्या गोळ्या नदीत टाकल्या नाहीत, पण त्या रात्रीपासून घेणं बंद केलं, चातुर्मासाचा नेम म्हणून. डॉक्टरांना कळवलं नाही, यजमानांनाही नाही. एवढी चूक माझी, ती मी कबूल करते. पुढे जे झालं त्याचा दोष मात्र मी घेणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. हे मला नवं नव्हतं. आदल्या वर्षी 22 जुलैच्या चिपळूणच्या पुरात घरातल्या गोळ्या गेल्या, बाजारातली औषधांची दुकानं चिखलात, तेव्हा आठ दिवस हेच सोसलं होतं. पण यावेळी ते ओसरलं आणि मला चक्क हलकं वाटलं. मंडळात कौतुक झालं, "बघा नामाची ताकद!" इथेच माणूस फसतो. गोळी सोडली की नैराश्य दुसऱ्या दिवशी दारात उभं राहत नाही. ते कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परततं. तेव्हा त्याचा गोळीशी संबंध कोणी लावत नाही. मीही लावला नाही.

श्रावण सरता सरता पहाटे तीनला जाग यायला लागली. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं. मोदकाच्या कळ्या पाडायला बसले आणि दोन मोदकांनंतर हातच उचलेना. आरतीला मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी. आत गेले तर देव विटाळेल, असं मला खरोखर वाटत होतं. देवाने मला टाकलंय, याबद्दल मनात शंका उरली नव्हती.

त्याच रात्री मंडळ आमच्याकडे भजनाला आलं. प्रमुखबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत सासूबाईंना म्हणाल्या, "सेवेत काहीतरी चुकलं असणार. देव उगाच पाठ फिरवत नाही." माझ्याशी बोलल्या नाहीत. गोळ्या कोणी सोडायला लावल्या, याचा उच्चार नाही. त्याच मंडळात शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या सहाजणी आहेत. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा कोणी घेत नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि यजमान मला रत्नागिरीला घेऊन गेले. आमच्याकडे 'रत्नागिरीला न्यायला हवं' हे टोमण्यासारखं वापरतात, 1886 पासून तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. माझे डॉक्टर तिथे खाजगी दवाखाना चालवतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाप कोणतं केलंत, सांगा." मी आठवत राहिले. कुळाचार चुकला नव्हता, कोणाचं वाईट केलं नव्हतं. एक पाप सापडेना. मग त्यांनी माझी जुनी फाइल काढली. माझी प्रत पुरात गेली होती, त्यांची शाबूत होती. 2016 च्या पहिल्या भेटीच्या कागदावर त्यांनी माझंच वाक्य लिहून ठेवलं होतं: 'देवाने मला टाकलंय.' तेव्हा ना नेम होता, ना मोडला होता. निमित्त आईच्या शेवटच्या दिवसांचं होतं. सहा वर्षांनी, दुसऱ्याच निमित्ताने, शब्दाला शब्द तेच वाक्य. मी तो कागद कितीतरी वेळ धरून बसले. हे देवाचं बोलणं नव्हतंच. आजार देवाच्या आवाजात बोलत होता, आणि प्रमुखबाईंनी त्याला दुजोरा दिला होता.

म्हणून सांगते. बरे दिवस असताना आपल्या खचलेल्या दिवसांतली वाक्यं वहीत लिहून ठेवा. ती पुन्हा कानात आली, की प्रायश्चित्त शोधू नका, डॉक्टरांना फोन करा. अकारण अपराधी वाटणं हे या आजाराचं लक्षण आहे. देवभोळ्या माणसाला ते पापासारखं दिसतं, एवढंच.

गोळी कमी करायची तर डॉक्टरांनीच, हळूहळू. उपास करत असाल तर त्यांना सांगा. लिथियम चालू असलेल्यांनी निर्जळी एकादशी विचारल्याशिवाय करू नये. अंगातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. थायरॉईड आणि बी-12 तपासून घ्या. चिपळूणकरांनी मृगाच्या आधीच महिनाभराच्या गोळ्या आणून माळ्यावर ठेवाव्यात, चिठ्ठीचा फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे असू द्यावा. परशुराम घाटात दरड आली की रस्ता बंद होतो, हे आपल्याला माहीत आहे. चालावं, वेळेवर जेवावं, झोप सांभाळावी, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. जीव नकोसा वाटला तर घरच्यांना उठवा, लाज धरू नका. 14416 हा टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि कोणी म्हणालं, वारकरी कसा खचेल, तर तुकोबांचं आयुष्य आठवा. दुष्काळात पत्नी गेली, मुलगा गेला. विठोबाशी ते किती कडवट भांडलेत ते गाथेत आहे. त्यांची श्रद्धा कमी होती म्हणायची कोणाची छाती आहे?

वाईट दिवसांत देवाचं करणं कमी करा. मी तेव्हा फक्त दिवा लावते. तोही जमला नाही तर यजमान लावतात.

मंडळात मी परत गेले नाही. प्रमुखबाई चिंचनाक्यावर भेटतात, "आता बरं आहे ना?" विचारतात. मी "गोळ्या चालू आहेत" एवढंच उत्तर देते, जरा मोठ्याने. पुढे त्या काही बोलतील म्हणून थांबते. अजून बोललेल्या नाहीत.